पलंगाचा आवक नंबर

गुरुवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी जावकरावांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी गेटवर अडवलं, आणि तेही त्यांच्या स्वतःच्या पलंगासकट.

पलंगाचे पाच भाग केले होते. दोन हमालांनी ते तिसऱ्या मजल्यावरून, जिन्याच्या प्रत्येक वळणावर एकमेकांच्या घराण्याचा उद्धार करत, खाली आणले होते. जुनं फर्निचर घेणारा टेम्पोचा फाळका पाडून वाट बघत होता. गादी तर टेम्पोत चढलीसुद्धा होती. आणि वॉचमन, ज्याला गेटवर उभं कसं राहायचं हेही जावकरावांनीच शिकवलं होतं, हातातला गेटपास उलटसुलट करून म्हणाला, "साहेब, आवक नंबर नाही."

"कसला आवक नंबर?"

"पलंगाचा. वस्तू बाहेर न्यायची तर ती आत आली होती त्याचा नंबर लागतो. नियम नऊ."

जावकरावांच्या मस्तकात जी तिडीक गेली ती नियमामुळे नव्हे. नियम उत्तम होता. त्यांनीच लिहिला होता. तिडीक गेली ती तो नियम त्यांना तोंडावर ऐकवला गेला म्हणून.

जावकराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते कारखान्याने ठेवलं होतं. कारखान्याच्या भांडारात त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली आणि त्या काळात गेटपासशिवाय एक खिळा बाहेर जाऊ दिला नाही. निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ घरी नेतानाही त्यांनी स्वतःच स्वतःचा गेटपास फाडला, त्यावर सही घ्यायला पुन्हा आत गेले, आणि निरोप द्यायला आलेली मंडळी फाटकाशी हार हातात धरून पंधरा मिनिटं ताटकळली. असा माणूस. अकरा वर्षांपूर्वी इमारतीच्या पाण्याची मोटर चोरीला गेली तेव्हा सगळ्यांनी मिळून ह्यांनाच समितीचा सेक्रेटरी केलं, आणि त्याचा पश्चात्ताप पुढची दहा वर्षं केला. एका महिन्यात एकवीस नियम झाले. घरोघर जाऊन प्रत्येक मोठ्या वस्तूला आवक नंबर दिला गेला. कपाटांच्या पाठीवर, टेबलांच्या पोटाखाली, फ्रिजच्या कुशीत लाल रंगाने आकडे पडले. त्या दिवसापासून नंबराशिवाय एकही वस्तू गेटबाहेर गेली नाही. निदान जावकरावांची तशी समजूत होती.

गेल्या वर्षी मात्र लोकांनी धीर करून सेक्रेटरी बदलला. तळमजल्यावरचा दातांचा डॉक्टर आला. त्याच्याकडे आपण मागाहून जाऊच.

"अरे, मी कोण आहे?" जावकरावांनी वॉचमनला विचारलं.

"तुम्हीच सांगितलंय साहेब, समोर कोण आहे ते बघायचं नाही. कागद बघायचा."

सांगितलं होतं खरं. शब्दन् शब्द हाच. जावकरावांच्या नाकपुड्या फुलल्या. हमाल पलंगाच्या उशाच्या फळीला टेकून विड्या ओढायला लागले. फर्निचरवाल्याने तासभर वाट पाहिली, चार फोन केले, पाचवा फोन आला तेव्हा "काका, मला दुसरीकडे जायचंय" म्हणून टेम्पो सुरू केला आणि निघून गेला. गादी घेऊन गेला. गादीला नंबर लागत नाही.

आता ह्या पलंगाची एवढी घाई कशासाठी, तर शनिवारी अकरा वाजता नवा पलंग येणार होता. आणि नवा पलंग हा हौसेचा मामला नव्हता. जुना पलंग बावीस वर्षांचा. मधोमध खड्डा पडलेला. जावकराव त्या खड्ड्यात आडवे झाले की दोन मिनिटांत घोरायला लागत. बायकोची पाठ मात्र त्या खड्ड्याने धरली ती सोडलीच नाही. उठताना तिला दोन्ही हातांनी खिडकीची चौकट पकडावी लागे. शेवटी डॉक्टरांनी बजावलं, कडक आणि उंच पलंग घ्या, ताबडतोब. जावकरावांनी ताबडतोब तीन कोटेशनं मागवली. तीन कोटेशनांशिवाय खरेदी म्हणजे त्यांच्या लेखी दरोडाच. पहिलं कोटेशन आठवड्यात आलं, दुसरं महिन्याने आलं, तिसरा दुकानदार मुलीच्या लग्नासाठी गावाला गेला होता. मग तुलनेचा तक्ता झाला. तक्त्यात उंची सेंटिमीटरमध्ये आणि एका ठिकाणी फुटांत आली म्हणून तो पुन्हा झाला. ह्या सगळ्याला चार महिने लागले, आणि ते चार महिने बायको हॉलमधल्या खुर्चीत, पाठीशी दोन उशा आणि पायाखाली स्टूल घेऊन झोपत होती. झोपत होती म्हणजे बसत होती. चार महिन्यांत ती गेटबाहेर पडली नव्हती.

दुकानाच्या पावतीवर ठळक छापलं होतं: खोली मोकळी हवी, वाट मोकळी हवी, नसल्यास पलंग परत जाईल आणि पुढची पाळी सहा आठवड्यांनी येईल.

सहा आठवडे! जावकरावांनी हा आकडा बायकोला सांगितला नव्हता. पावती त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवली होती.

गुरुवारी संध्याकाळी सहाच्या ठोक्याला वॉचमन वर आला. "साहेब, पलंग अंगणातून उचला. सामाईक जागेत सहानंतर सामान ठेवायचं नाही. नियम सोळा."

"मला नियम सांगू नकोस!" जावकराव एवढ्या जोरात ओरडले की समोरचं दार उघडलं.

पलंग वर चढवायला हमाल नव्हते. जावकराव, वॉचमन आणि दुसऱ्या मजल्यावरचे वकील असे तिघे होते. वकिलांनी फक्त हुकूम सोडायचं काम पत्करलं. उशाची फळी दुसऱ्या वळणावर अडकली आणि जावकराव भिंत आणि फळी यांच्यामध्ये दहा मिनिटं उभे चिरडले गेले, त्या अवस्थेत त्यांना वकिलांकडून मोफत सल्ला मिळाला.

"पलंग बाहेर न्यायचाच नाही. पाच फळ्या न्यायच्या. फळीला नंबर लागत नाही."

"नियम दहा," जावकराव फळीमागून म्हणाले. "वस्तूचे सुटे भाग म्हणजे संपूर्ण वस्तूच समजावी."

"हा कुणी गाढवाने लिहिला?"

फळीमागून एक जोराचा धक्का आला.

सगळे भाग हॉलमध्ये टेकवले तर बायकोच्या खुर्चीला जागा उरेना. म्हणजे पलंग पुन्हा जोडणं आलं. जावकरावांनी तो घाम गाळत जोडला, मधली मोडकी पट्टी ज्याच्यावर टेकत असे तो कागदात बांधलेला, सुतळीने करकचून आवळलेला गठ्ठा चरफडत पुन्हा पट्टीखाली सारला, आणि गादी नाही हे त्यांना सगळं झाल्यावर आठवलं. त्या रात्री ते नुसत्या पट्ट्यांवर झोपले. सकाळी उठले तेव्हा त्यांच्या पाठीवर पाच आडव्या रेघा होत्या आणि डोक्यात एकच विचार होता, आज त्या दातवाल्याला सरळ करायचा.

दातवाल्याबद्दल सांगायला हवं. तो अतिशय गोड बोलायचा. राग येईल असं काहीही बोलत नसे, आणि ह्याचाच जावकरावांना फार राग यायचा. सहा वर्षांपूर्वी त्याने दवाखाना थाटला तेव्हा त्याची ती मोठी, वर-खाली होणारी खुर्ची गेटवर आली होती. खुर्चीची मापं आगाऊ कळवलेली नव्हती. जावकरावांनी ती नऊ दिवस गेटबाहेर उभी ठेवली. वर प्लास्टिक टाकलं होतं, पण कावळ्यांना प्लास्टिकचं काय. शेवटी नियम एकवीसप्रमाणे डॉक्टरला चूककबुली लिहून द्यावी लागली. चूककबुली हा जावकरावांच्या प्रतिभेचा कळस होता. छापील फॉर्म, चार रकाने: राहिलेली नोंद, किती काळ राहिली, कारण, पुन्हा होईल का. खाली सही. तो फॉर्म सात दिवस नोटीस बोर्डावर लागायचा. डॉक्टरचे पहिल्या सात दिवसांतले सगळे पेशंट दवाखान्यात शिरण्याआधी तो वाचून गेले आणि त्यातले काही तिथूनच परत गेले.

शुक्रवारी जावकराव दवाखान्यात शिरले तेव्हा डॉक्टरचे दोन्ही हात एका माणसाच्या तोंडात होते.

"बसा काका. दोन मिनिटं."

"मला बसायचं नाही. पलंगाला आत्ताच्या आत्ता आवक नंबर द्या."

"देतो ना," डॉक्टर मऊ आवाजात म्हणाला. "पण नंबर वस्तू गेटमधून आत येताना द्यायचा. पलंग तर आतच आहे. तो आधी बाहेर जायला हवा, मग आत येईल, मग नंबर."

"बाहेर जायला नंबर लागतो!"

"हो ना. तीच अडचण आहे." त्याने पेशंटला विचारलं, "दुखतंय?" पेशंटने मान हलवली. दुखत जावकरावांना होतं.

"काका, तुम्ही त्या वेळी घरोघर नंबर दिलेत. तुमच्या पलंगालाही दिला असेल ना? पहिल्या खंडात नोंद असेल. माझ्याकडे दुसऱ्या खंडापासून पुढची रजिस्टरं आहेत. पहिला खंड तुमच्याकडून आलाच नाही."

"दिला होता! रंग पुसला असेल!"

"पावती आहे?"

ह्या प्रश्नाने जावकरावांचा तिळपापड झाला. हा प्रश्न त्यांचा होता. आयुष्यभर तो त्यांनी लोकांना विचारला होता. तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना आपलाच कोट दुसऱ्याने अंगात घालून आल्यासारखं वाटलं.

"नसेल तर सोपं आहे," डॉक्टर म्हणाला आणि टेबलाचा खण उघडून त्याने एक छापील कागद काढला. "चूककबुली. दोन मिनिटांचं काम. अजिबात दुखणार नाही."

"मी चूक केलेली नाही," जावकराव म्हणाले. "नोंद आहे. मी खंड काढून दाखवतो. आणि मग समितीची सभा बोलावतो. आणि मग तुम्हाला बघतो." तोंड उघडून बसलेल्या पेशंटलाही त्यांनी विनाकारण डोळे वटारले आणि बाहेर पडले.

जिन्यात समोरच्या वहिनी भेटल्या. त्यांना सगळं कळलेलं होतं. इमारतीतलं सगळं त्यांना दारातूनच कळायचं.

"भाऊजी, एवढं मनाला काय लावून घेता? मी माझं लाकडी कपाट नेलंच की."

"कधी? त्याची जावक नोंद नाही."

"नसणारच. महिनाभर नेत होते. रोज एक फळी, भाजीच्या पिशवीत. तुम्हीच एकदा म्हणालात, वहिनी, पिशवी जड दिसतेय, धरू का? आणि धरलीत."

जावकरावांनी कठड्याला हात टेकला.

"आणि वकिलांचा तो लहान फ्रिज," वहिनींना आता राहवेना. "तो त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसवला, वर चादर, डोक्याच्या जागी मफलर. तुम्ही गेट उघडून धरलं होतंत."

"तो त्यांचा मोठा भाऊ होता!"

"वकिलांना भाऊ नाही हो. तुम्ही त्याला 'काळजी घ्या' म्हणालात."

दहा वर्षं! जावकरावांच्या अंगाचा नुसता भडका उडाला. दहा वर्षं त्यांनी गेटवर डोळ्यांत तेल घालून पहारा केला आणि त्यांच्या नाकाखालून अख्खी इमारत पिशव्यांतून वाहून गेली होती. सगळे सुटले होते. अडकला होता फक्त ज्याने नियम लिहिला तो. वर कुणाला त्याची लाजही नव्हती. वहिनी तर हसत होत्या.

घरी येऊन त्यांनी माळा उपसला. कपाटं उपसली. निवृत्तीच्या घड्याळाचा गेटपास सापडला, तिन्ही कोटेशनं सापडली, तक्त्याच्या पाच प्रती सापडल्या. खंड सापडेना. प्रत्येक खण ते आपटत होते आणि प्रत्येक आपटण्यासरशी हॉलमधल्या खुर्चीत बायकोचा चेहरा जरासा आवळत होता. संध्याकाळ झाली तेव्हा ती म्हणाली, "काय शोधताय ते सांगाल का?"

"पहिला खंड. हिरव्या बांधणीचा."

"मग माळ्यावर कशाला चढलात? पलंगाखाली आहे. मोडक्या पट्टीला टेकण दिलंय त्याचं."

"काय?"

"तुम्हीच दिलात मला. म्हणालात, हा भरला, आता कुणाच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेव. त्याच आठवड्यात पट्टी मोडली होती. सुतार बोलवा म्हटलं तर म्हणालात, तीन कोटेशनं येऊ देत. मग मी कागदात गुंडाळून ठेवला तो पट्टीखाली. काल तुम्हीच तर स्वतःच्या हाताने परत लावलात."

जावकराव पलंगाखाली शिरले आणि गठ्ठा ओढला. वर पट्टीने काडकन आवाज केला आणि पलंगाचा मधला भाग खाली येऊन त्यांच्या खांद्याला लागला. पण त्याची त्यांना पर्वा नव्हती. त्यांनी सुतळी दातांनी तोडली. हिरवी बांधणी, पहिला खंड, त्यांचं टपोरं अक्षर. ते तिथेच, पलंगाखाली अर्धे आत अर्धे बाहेर, पानं उलटू लागले. तळमजला. पहिला मजला. दुसरा मजला, वकिलांचा फ्रिज. तिसरा मजला, वहिनींचं कपाट. आणि मग त्यांचं स्वतःचं पान.

वर त्यांचं नाव, घर क्रमांक, खाली लाल शाईची दुहेरी रेघ. रेघेखाली काही नाही. एक अक्षर नाही. आपल्या घरात काय आहे ते आपल्याला ठाऊकच आहे, सवडीने लिहू, असं त्यांनी त्या वेळी मनाशी म्हटलं होतं, हे त्यांना आत्ता आठवलं. आणि कोऱ्या पानाच्या तळाशी, इतर सगळ्या पानांवर होती तशीच, त्यांची झोकदार सही आणि सहीवर शेरा: तपासले. बरोबर आहे.

"सापडली का नोंद?" बाहेरून बायकोने विचारलं.

"पानं चिकटलीत," जावकराव म्हणाले.

खोटं बोलण्याचा त्यांना सराव नव्हता. आवाज चोरासारखा निघाला. त्यांनी खंड कपाटात कोटाखाली ठेवला आणि ते स्वतःवरच इतके चिडले की दाराची कडी लावताना ती उखडून हातात आली.

शनिवारी साडेदहाला फर्निचरवाला टेम्पो घेऊन गेटबाहेर येऊन उभा राहिला आणि हॉर्न वाजवू लागला. अकराला पाच कमी असताना नव्या पलंगाचा ट्रक आला. त्याच्याबरोबरच्या मुकादमाने वर येऊन खोली बघितली, खचलेला पलंग बघितला, घड्याळ बघितलं.

"साहेब, अर्धा तास देतो. पुढे दोन घरं आहेत. नाहीतर गाडी परत."

जावकराव धावत गेटवर आले. डॉक्टर आधीच तिथे होता, पांढरा कोट, हातात तोच छापील कागद. वकील होते, वहिनी होत्या, एरवी कधी न दिसणारे चौथ्या मजल्यावरचेही होते. फुकटचा तमाशा कोण सोडतं.

"काका, खंड सापडला म्हणे," डॉक्टर म्हणाला.

"सापडला. नोंद आहे. पण पानं चिकटलीत. दमट जागेत होता. तज्ज्ञाकडून सोडवून घ्यावी लागतील. तोवर माझ्या शब्दावर—"

"शब्द चालत नाही साहेब," वॉचमन म्हणाला. "नियम तीन."

"तू गप बस!" जावकराव कडाडले. "मी इथे दहा वर्षं उन्हातान्हात उभा राहिलो! एक मोटर गेल्यावर रडत आला होतात सगळे माझ्याकडे! आणि आज माझ्या शब्दाला किंमत नाही? पिशव्या भरभरून नेल्यात तेव्हा नियम आठवला नाही कुणाला! आणि तुम्ही वकीलसाहेब, तुमच्या भावाची तब्येत आता कशी आहे?"

वकिलांनी खोकल्याचा आव आणला. जावकराव आणखी बरंच बोलणार होते. त्यांच्याजवळ दहा वर्षांचा साठा होता. पण लोक त्यांच्याकडे बघेनासे झाले होते. सगळे जिन्याच्या दाराकडे बघत होते.

बायको खाली येत होती. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात हिरवा खंड छातीशी धरलेला. प्रत्येक पायरीवर ती आधी एक पाऊल ठेवायची, मग दुसरं, मग श्वास घ्यायची. शेवटच्या चार पायऱ्यांना इतका वेळ लागला की ट्रकवाल्यानेही इंजिन बंद केलं. कुणी पुढे झालं तर ती नजरेनेच थांबवत होती. जावकराव पुढे झाले, त्यांनाही तिने थांबवलं.

"पानं चिकटलेली नाहीत," ती म्हणाली, आणि खंड उघडून तिने वॉचमनच्या टेबलावर ठेवला.

सगळे वाकले. कोरं पान, दुहेरी रेघ, सही.

"अगं, तू कशाला—"

"मी बोलतेय." तिने आवाज चढवला नव्हता. उलट तो इतका खाली होता की सगळ्यांनाच आणखी वाकावं लागलं. "सगळ्या इमारतीची पानं भरलीत. कुणाच्या घरी किती स्टुलं आहेत तेही लिहिलंय. आपलंच पान कोरं. आणि खाली काय लिहिलंय वाचा. तपासले, बरोबर आहे. चार महिने मी खुर्चीत झोपतेय. रोज सकाळी तुम्ही विचारता, झोप झाली ना? आणि मी तोंड उघडायच्या आत टॉवेल घेऊन आंघोळीला जाता. तपासले, बरोबर आहे! तीन कोटेशनं आली, पाच तक्ते झाले. त्या तक्त्यात माझी पाठ कुठल्या रकान्यात आहे ते दाखवा मला. आणि ही पावती." तिने पदरातून दुकानाची पावती काढली. "सहा आठवडे. कोटाच्या खिशात मिळाली. हेही तुम्ही एकट्यानेच तपासलंत ना?"

वहिनींनी डोळ्याला पदर लावला आणि वॉचमनने उगाचच टोपी काढून पुन्हा घातली.

जावकरावांचा राग एवढा मोठा होता की तो आता कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. वॉचमनवर टाकावा तर तो शिकवल्याबरहुकूम वागला होता. डॉक्टरवर टाकावा तर नऊ दिवस खुर्ची कावळ्यांखाली ठेवली होती. शेवटी तो फिरून फिरून एकाच माणसापाशी येऊन थांबला, आणि त्या माणसाने हात पुढे केला.

"फॉर्म द्या."

डॉक्टरने फॉर्म दिला. जावकरावांनी उभ्याउभ्या, टपोऱ्या अक्षरात भरला. राहिलेली नोंद: पलंग. किती काळ राहिली: चार महिने. कारण: लक्ष दिले नाही. पुन्हा होईल का: नाही. सही. सहीच्या वर शेरा लिहायला पेन आपोआप गेलं, ते त्यांनी आवरलं.

डॉक्टरने कागद वाचला. "काका, एक चूक आहे. नोंद तर अकरा वर्षं राहिलीय ना? इथे चार महिने लिहिलंय."

"लिहिलंय ते बरोबर आहे. शिक्का मारा."

"पण काका—"

"शिक्का मारा म्हणतो ना!" जावकराव गरजले. जित्याची खोड ती, एका दिवसात कुठली जायला. मग जरा वेळाने, दुसरीकडे बघत, "आणि आणखी एक फॉर्म द्या. तुमच्या खुर्चीचे नऊ दिवस. एका फॉर्मवर एकच चूक लिहिता येते. नियम एकवीस."

डॉक्टरने पहिल्यांदाच काहीही गोड न बोलता दुसरा फॉर्म पुढे केला.

पुढची वीस मिनिटं जी धावपळ झाली ती विचारू नका. उशाची फळी वकिलांनी स्वतः धरली, पायथ्याची डॉक्टरने रबरी हातमोजे घालून. वॉचमनने रजिस्टरात लिहिलं: पलंग एक, जुना, मोडका, परत येणार नाही. दुपारी नवा पलंग खोलीत लागला, उंच आणि दगडासारखा कडक. बायको त्यावर आडवी झाली आणि संध्याकाळपर्यंत हललीसुद्धा नाही. जावकराव हॉलमध्ये तिच्या खुर्चीत बसून राहिले. उशा, स्टूल, सगळं तसंच. तासाभरात त्यांची पाठ भरून आली. दोन तासांनी मानेत कळ आली. तरी ते चार वाजेपर्यंत उठले नाहीत. चार महिने म्हणजे किती, ते त्यांना मोजायचं होतं.

नोटीस बोर्डावर दोन्ही चूककबुल्या शेजारीशेजारी लागल्या. डॉक्टरने "चार महिने" भोवती लाल पेनाने गोल करून प्रश्नचिन्ह काढलं होतं. येणारा-जाणारा प्रत्येकजण ती चूक जावकरावांच्या नजरेला आणून देत होता. वकिलांनी तर लेखी दुरुस्तीचा मसुदाच तयार करून दिला. जावकराव प्रत्येकाला एकच सांगत होते, चूक नाही, आणि कारण विचारलं तर अंगावर धावून जात होते.

सातव्या दिवशी सकाळी बायको खाली आली. कठडा धरूनच, पण न थांबता. जावकराव दोन पायऱ्या मागे, हात पुढे करावा की नको अशा बेताने. बोर्डापाशी ती थांबली, तिने चष्मा लावला आणि पहिला कागद वरपासून खालपर्यंत वाचला. लाल गोलापाशी ती बराच वेळ रेंगाळली. मग वॉचमनकडून पेन मागून घेतलं आणि कागदाच्या तळाशी, सहीच्या जरा वर, लिहिलं: तपासले. बरोबर आहे.

जावकराव काहीतरी बोलणार, इतक्यात तिने पेन वॉचमनला परत दिलं आणि गेटबाहेर पहिलं पाऊल टाकलं.

"राग गेला असं समजू नका," ती मागे न बघता म्हणाली. "नुसती नोंद केलीय."